लाल आगगाडीचं स्वप्न

हुबळीला कमरीपेठेच्या टोकाशी आमचं भाड्याचं घर होतं आणि त्याला लागूनच खालाचं. विहीर दोन्ही घरांत मिळून एकच, ती तिच्या परसात. शाळेआधी पाणी भरायचं काम माझ्याकडं असल्यामुळं माझा दिवस तिच्या परसातूनच सुरू व्हायचा. मी तेव्हा अकरा वर्षांची. मिठाच्या चळवळीनंतरचं एखाद-दुसरं वर्ष असावं, कारण अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या कचेरीत त्या दिवसांत पांढऱ्या टोप्यांवरून कुजबुज चाले आणि ती संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येई. अण्णा रेल्वेत कारकून होते. आम्ही मूळचे सांगलीकडचे, पण माझा जन्म हुबळीचाच.

खाला म्हणजे मावशी, हे मला फार उशिरा कळलं. मला ते तिचं नावच वाटायचं. गल्लीतली सगळी पोरं तिला खालाच म्हणत. आई तिला ‘आपा’ म्हणायची आणि ती आईला ‘अक्का’. घरात ती दखनी बोले, बाजारात कानडी, आणि आमच्याशी मराठी. कधी कधी एकाच वाक्यात तिन्ही भाषा येत आणि आम्हाला त्यात काही वेगळं वाटत नसे.

तिचे यजमान दुर्गदबैलाच्या बाजारात शिंपीकाम करायचे. ते गेले तेव्हा दुकान सुटलं आणि शिलाईचं मशीन बैलगाडीतून घरी आलं. मूलबाळ नव्हतं. मागं राहिली ती आणि तिची चुलत सासू, जिला सगळे दादी म्हणत. खालानं मशीन पुढच्या खोलीत खिडकीशी लावलं. सकाळी मुसलमानांच्या मुली कुराण शिकायला येत आणि दुपारी आम्ही सगळ्याच जणी शिवण शिकायला. लिंगायतांच्या, मराठ्यांच्या, आमच्यासारख्या. काज, तुरपाई, झबली, मग खणाची चोळी. खणाच्या चोळीपर्यंत पोचायला दोन वर्षं लागत. टाका वाकडा गेला की ती रागवायची नाही. कापड परत हातात द्यायची आणि म्हणायची, “उसव.” आणि सरळ आला तर शाबासकीही द्यायची नाही, तो शेजारच्या मुलीला बघायला द्यायची. आपलं काम दुसरीच्या हातात बघायला गेलं, की त्या दिवशी मी घरी उड्या मारत जायची.

आदल्याच वर्षी माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न होऊन ती गोकाककडं गेली होती. घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं. आई कामात, अण्णा कचेरीत. त्यामुळं दुपारचे ते दोन तास मला फार मोलाचे वाटायचे. हे आधी सांगते, कारण पुढं मी जे केलं ते का केलं हे त्याशिवाय कळणार नाही.

एक दिवस बिजापूरहून खालाच्या भावाचं पत्र आलं. तो रस्ते खात्यात सुपरवायझर होता. चार-पाच महिन्यांपूर्वी त्याची बायको तापानं गेली होती. मागं दोन मुलं, सहा वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी. शेजारणी किती दिवस बघणार? त्यानं लिहिलं होतं की तिकडचं घर बंद कर आणि इकडं ये. मी पुढच्या शुक्रवारनंतर सुट्टी काढून न्यायला येतो.

ते पत्र घेऊन खाला आमच्याकडं आली. ती आत आईजवळ पाटावर बसली आणि अण्णा बाहेरच्या खोलीत. मधलं दार उघडं. मी दोघांच्या मधे उंबऱ्यावर.

“अण्णांना विचारा, अक्का, त्यांना काय वाटतं,” ती म्हणाली. अण्णांना सगळं ऐकू जात होतं, पण तिनं आईलाच सांगितलं.

अण्णा म्हणाले, “भावाची पोरं आहेत. आईविना आहेत. जावं असं मला वाटतं. पण इथला वर्गही दहा वर्षांत उभा राहिलाय. तो तिथं पुन्हा उभा राहील का, हे मला सांगता यायचं नाही.”

“आणि तुम्हाला, अक्का?”

आई भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. “मला तुम्ही जाऊ नये असं वाटतं,” ती म्हणाली. “पण ते माझ्यापुरतं झालं. पोरांचा विचार केला तर माझं तोंड बंद होतं.” मग थोड्या वेळानं म्हणाली, “देवीला कौल लावून बघू का? उजवी कळी पडली तर जायचं, डावी पडली तर राहायचं.”

खाला हसली. “तुम्ही लावा, अक्का, मला वाईट नाही वाटणार. पण मी आमच्या रीतीनं विचारीन. मशिदीतल्या मौलवीसाहेबांना पण विचारलं. ते म्हणाले, जाणत्या माणसांचा सल्ला घे आणि मग इस्तिखारा कर.”

तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मला तो कुठल्या तरी औषधासारखा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर गेले तेव्हा ऊन कौलांवरून खाली उतरलं होतं. मुली कुराण शिकून गेल्या होत्या. खालानं तोटीच्या भांड्यातून पाणी घेऊन हात, तोंड, पाय धुतले, डोक्यावरची ओढणी नीट केली आणि पुढच्या खोलीत चटई अंथरून उभी राहिली. तिची रोजची नमाज मला माहीत होती. तिच्या वेळाही माहीत होत्या. ही वेळ त्यातली नव्हती. ती वाकली, टेकली, पुन्हा उभी राहिली, पुन्हा वाकली. मग बसून हात पुढं पसरून बराच वेळ काहीतरी पुटपुटत राहिली. मी भरलेली कळशी काठावर ठेवून उभीच होते.

ती बाहेर आली तेव्हा मी विचारलं, “खाला, ही कुठली नमाज?”

“विचारायची,” ती म्हणाली. “काही ठरवायचं असलं आणि आपल्याला कळत नसलं, की नमाजाच्या दोन रकात, म्हणजे दोन फेऱ्या, पढायच्या आणि त्याच्याकडं मागायचं. हाच इस्तिखारा.”

“काय मागायचं?”

ती विहिरीच्या कट्ट्यावर बसली. “म्हणायचं, तुला सगळं ठाऊक आहे, मला काही ठाऊक नाही. तुझ्या हातात आहे, माझ्या हातात नाही. बिजापूरला जाण्यात माझं भलं असेल, आजचंही आणि शेवटचंही, तर ते मला सोपं कर. भलं नसेल तर ते माझ्यापासून वळव आणि मलाही त्याच्यापासून वळव. मग भलं जिथं असेल तिथं मला ने, आणि त्यात मला राजी ठेव.”

“आणि मग तो सांगतो?”

“सांगत नाही. करतो.”

“मग तुला कळणार कसं?”

“मी पाऊल टाकलं की कळेल,” ती म्हणाली आणि माझी कळशी उचलून माझ्या कमरेवर दिली.

तिनं सात दिवस असं मागायचं ठरवलं होतं. गल्लीत ही गोष्ट लपून राहणारी नव्हती. समोरची चुरमुरे भाजणारी बाई रोज दारातून कानडीत विचारायची, “काय दिसलं का ग, यव्वा?” खाला मान हलवायची आणि कामाला लागायची. सगळ्यात जास्त घाई दादीला झाली होती. तिचं म्हणणं, नमाज पढून उजव्या कुशीवर झोपावं म्हणजे स्वप्न पडतं. स्वप्नात पांढरं किंवा हिरवं दिसलं तर होकार. लाल किंवा काळं दिसलं तर नकार.

“दादी, असं कुठं लिहिलेलं नाही,” खाला म्हणायची.

“लिहिलेलं नसेल. माझ्या आईला दिसलं होतं,” दादी म्हणायची. आणि एका दुपारी तांदूळ निवडता निवडता तिनं आणखी एक सांगितलं. कधी कधी ज्याचं काम असतं त्याला दिसत नाही. दुसऱ्या कुणाला तरी दिसतं. विशेष करून लहान, निष्पाप पोराला.

मी त्या वेळी झबल्याला गळपट्टी लावत होते. मान वर न करता मी ते सगळं ऐकून घेतलं.

पाचव्या दिवशी दुपारी मी सगळ्या मुलींच्या आधी गेले. खाला मशीनमध्ये दोरा ओवत होती. दादी कोपऱ्यात सुपारी कातरत होती.

“खाला, मला स्वप्न पडलं.”

“कसलं?”

“तू स्टेशनावर होतीस. बिजापूरची गाडी आली. ती सगळी लाल होती. इंजिनसुद्धा लाल, डबेही लाल. तू चढायला गेलीस तर डब्याचं दार उघडेना. मग गार्डानं लाल बावटा दाखवला.”

बावट्याची भर मी आयत्या वेळी घातली. अण्णा रेल्वेत असल्यामुळं मला ती सुचली असावी.

खालाच्या हातातला दोरा तसाच राहिला. तिनं माझ्याकडं पाहिलं. “दार उघडेना?”

“नाही.”

“बरं,” ती म्हणाली. तिनं दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं आणि ओवलं. “जेवून आलीस का?”

“हो.”

“मग बस. कालची गळपट्टी उसवायची आहे.”

पण दादीच्या हातातला अडकित्ता थांबला होता. “लाल,” ती म्हणाली. “या अल्ला, पोरीला लाल दिसलं.” संध्याकाळपर्यंत ही बातमी चुरमुऱ्यांच्या भट्टीपासून आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचली. आई माझे केस विंचरत होती. तिनं विचारलं, “खरंच पडलं का ग तुला स्वप्न?” मी म्हटलं, “हो.” फणी क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू लागली. दुपारी खोटं बोलताना मला काही वाटलं नव्हतं. आईला हो म्हटलं तेव्हा मात्र मी मान वळवून तिच्याकडं बघितलं नाही.

सात दिवस झाले आणि शनिवारी दुपारी खालाचा भाऊ आला. उंच, उन्हानं रापलेला, कमी बोलणारा माणूस. त्याच्या कोटाचं टोक धरून ती तीन वर्षांची मुलगी आणि मागं मुलगा. शिवण शिकणाऱ्या पोरीचं लक्ष आधी कपड्यांकडं जातं. मुलीचा फ्रॉक उलटा, पाठ पुढं आणि पुढचं मागं, असा घातला होता. बटणं तुटून गेली होती आणि ती बाजू सुतळीच्या गाठींनी बांधली होती. गाठी पुरुषाच्या हाताच्या होत्या, ओझं बांधतात तशा घट्ट. तिचे केस धुतलेले होते, पण विंचरलेले नव्हते.

तोपर्यंत ‘भावाची पोरं’ हे माझ्या लेखी नुसते शब्द होते. त्या सुतळीकडं बघताना मला कळलं की मी कुणाच्या वाटेत उभी राहिले होते.

खालानं मुलीला जवळ घेतलं, कात्रीनं गाठी कापल्या आणि तिथल्या तिथं फ्रॉकला चार बटणं लावली. मुलगी तिच्या हातांकडं बघत गप्प उभी राहिली. मग खाला भावाला म्हणाली, “मी सात दिवस मागितलं. मला काही दिसलं नाही. मन एकदम घट्टही झालं नाही, पण मागंही सरलं नाही. आता पाऊल टाकते. सोमवारच्या गाडीनं येते.”

दादी म्हणाली, “आणि पोरीचं स्वप्न?”

“स्वप्न पोरीचं होतं,” खाला म्हणाली. “मागणं माझं होतं.”

माझ्याकडं तिनं बघितलंही नाही. ती जाणार म्हणून मला रडू येत होतं, आणि माझं खोटं कुणाच्या आड आलं नाही म्हणून मोकळंही वाटत होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाटू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं.

दोन दिवस बांधाबांध चालली. मशीनचं वरचं डोकं काढून गोधडीत गुंडाळलं. दादी पुतण्याकडं जुन्या हुबळीत राहायला जाणार होती. आम्हा मुलींना खालानं जिचं तिचं अर्धवट शिवण गाठोड्यात बांधून दिलं आणि प्रत्येकीला पुढं काय करायचं ते सांगितलं. ती मुलं दोन दिवसांत गल्लीत मिसळून गेली. मुलगा चुरमुऱ्यांच्या भट्टीपुढून हलेना. मुलगी खालाच्या पाठीला चिकटून असायची. खाला वाकली की तीही वाकायची.

सोमवारी सकाळी टपालवाला आला. गाडी दुपारी दोनची होती, गदगला बदलून बिजापूर. पत्र भावाच्या नावाचं होतं, त्याच्या कचेरीतून पुढं पाठवलेलं. त्यानं ते उभ्यानं वाचलं आणि बांधलेल्या ट्रंकेवर बसला. त्याची बदली झाली होती. कृष्णेच्या काठाला नवीन रस्त्याचं काम निघालं होतं, तिथं लगेच हजर व्हायचं होतं. राहायला तंबू, आणि बिजापूरचं सरकारी घर महिनाअखेर सोडायचं.

“तंबूत मी तुला आणि पोरांना कसं ठेवू?” तो म्हणाला. एवढं एक वाक्य मला त्याच्या आवाजासकट आठवतं.

खाला उठली, दुसऱ्या ट्रंकेची दोरी सोडली आणि त्यातून तवा बाहेर काढला.

“पोरं इथं राहतील,” ती म्हणाली. “तू जा.”

“माझी पोरं आहेत.”

“तुझीच आहेत. तू येत जा.”

तो दुपारपर्यंत कबूल झाला नाही. अण्णा मुद्दाम रजा टाकून आले होते. तेही त्याच्याजवळ बसून राहिले. दुसरी वाट दिसत नव्हती. तो जेवला नाही. निघाला तेव्हा मुलगी झोपली होती. त्यानं तिला उठवलं नाही, नुसता वाकून तिच्याकडं बघत राहिला. मुलगा कोपऱ्यापर्यंत त्याच्यामागं धावत गेला आणि अण्णांनी त्याला कडेवर घेऊन परत आणलं. मशीन पुन्हा खिडकीशी लागलं. मंगळवारी दुपारी आम्ही आपापली गाठोडी घेऊन परत वर्गाला गेलो.

सगळ्यांनी म्हटलं, बघा, पोरीचं स्वप्न खरं झालं. दादीनं मला मूठभर बेदाणे दिले. ते मी खाल्ले नाहीत. परसातल्या भिंतीवर ठेवून दिले, कावळ्यांनी नेले.

कारण माझी खात्री झाली होती की हे मीच केलं. गाडीचं दार उघडत नाही असं मी म्हटलं, आणि ते उघडलं नाही. भाऊ तीन-चार महिन्यांनी एकदा यायचा, कधी पावसात नदी अडवी आली तर सहा महिन्यांनी. येताना मुलीसाठी काहीतरी आणायचा. ती खालाच्या मागं लपून त्याच्याकडं बघायची. एकदा तिनं खालाला विचारलेलं मी ऐकलं, “हे साहेब कधी जाणार?” तो खाटेवर बसला होता. त्यानंही ऐकलं. त्यानं पिशवीतला लाकडी घोडा काढून शांतपणे फरशीवर ठेवला आणि हात मागं घेतला. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. मी घरी जाऊन देवघरापुढं बसले आणि तिथंही ती गोष्ट मला बोलता आली नाही.

अशी सहा वर्षं गेली. मुलं मोठी झाली. मुलगी माझ्याच शेजारी बसून काज करायला शिकली. माझी सातवी झाली आणि मी नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत बिनट्रेनिंगची मास्तरीण म्हणून लागले. मग धारवाडला बायकांच्या ट्रेनिंगला जावं की नाही हा प्रश्न आला. त्याच वेळी मिरजेहून एक स्थळही आलं होतं. अण्णांना वाटे, ट्रेनिंगला जावं. आईला वाटे, स्थळ चांगलं आहे, घालवू नये. तिनं देवीला कौल लावला, डावी कळी पडली, आणि तिला ते पटलं नाही म्हणून पुढच्या मंगळवारी पुन्हा लावायचं ठरवलं. मला माझंच काही कळेना.

मी खालाकडं गेले. दुपारचा वर्ग सुटला होता आणि ती चिंध्या निवडत होती. मी म्हटलं, “खाला, माझ्यासाठी इस्तिखारा करशील?”

“ज्याचं काम त्यानं मागायचं,” ती म्हणाली. “तुझ्यासाठी दुआ करीन. ती वेगळी.”

“मला नमाज कुठं येते?”

“तुला तुझ्या देवाशी बोलता येतं ना? मग झालं. आधी शहाण्या माणसांना विचार. आणि मनात ठरवून ठेवून मागायला बसू नको. ते मागणं होत नाही. ते नुसतं सही घेणं होतं.”

मी तिथंच बसून राहिले. मग एकदम म्हटलं, “ते स्वप्न मला पडलं नव्हतं.”

तिनं चिंध्या बाजूला ठेवल्या नाहीत. “मला माहीत आहे,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“तू सांगत होतीस तेव्हापासून. स्वप्न पडलेलं माणूस निम्मं विसरतं, बेटा. अडखळतं. तू काहीच विसरली नव्हतीस. गार्डसुद्धा.”

मला रडू फुटलं. मी तिला सगळं सांगितलं. बदलीचं, तंबूचं, मुलीनं त्याला साहेब म्हटलं ते, लाकडी घोड्याचं. माझ्या खोट्यामुळं बापापासून मुलं तुटली असं मला सहा वर्षं वाटत होतं, तेही सांगितलं. तिनं मला मधे थांबवलं नाही. मी गप्प झाले तेव्हा तिनं आपल्या ओढणीनं माझं तोंड पुसलं.

“खोटं बोललीस ते वाईटच केलंस,” ती म्हणाली. “पण माझी ट्रंक बांधलेली होती की नाही? तुझं स्वप्न ऐकून मी थांबले होते का? मी निघाले होते. वळवणाऱ्यानं वळवलं. त्याचं काम आपल्या डोक्यावर घ्यायचं नाही. आपल्याला पेलत नाही ते.”

मग ती थोडी हसली. “आणि एक सांगू? तुझी आई सोडली तर त्या आठवड्यात सगळ्यांनी मला सांगितलं, मी कुठं उपयोगी पडेन. मी गेले तर किती वाईट वाटेल, हे सांगायला तू गाडी रंगवून आणलीस. ते मी ऐकलं होतं.”

मुलांच्या बापाला मी काही सांगितलं नाही. सांगू का म्हणून विचारलं तेव्हा खाला म्हणाली, त्याला त्याचं दुःख पुरे आहे, तुझं कशाला देतेस. त्या एका गोष्टीत तिचं बरोबर होतं की नाही, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

मी अण्णांना विचारलं, शाळेतल्या मोठ्या बाईंना विचारलं, आणि या खेपेला आईलाही नीट बसून विचारलं. तेव्हा कळलं की तिची भीती स्थळाबद्दल नव्हती. धारवाडला मी परक्या बायकांत कशी राहीन, काय खाईन, याची होती. मग एका सकाळी अंघोळ करून देवघरापुढं उभी राहिले आणि खालानं विहिरीवर सांगितलेलं जेवढं आठवलं तेवढं मराठीत म्हटलं. काही झालं नाही. अंगावर काटा आला नाही की फूल पडलं नाही. मी अर्ज केला, आणि त्या वर्षी मला प्रवेश मिळाला नाही.

मी खालाला जाऊन सांगितलं, वळवलं बघ त्यानं. ती म्हणाली, “फार लवकर अर्थ लावतेस. पुढच्या साली परत मागायला कुणी नको म्हटलंय का?” पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला. मिरजेच्या मुलाचं तोवर लग्न झालं होतं. धारवाडला वसतिगृहात पहिले आठ दिवस मी रोज रडले आणि नवव्या दिवशी शिवणाच्या तासाला बाईंनी माझं काज सगळ्या वर्गाला बघायला दिलं. पुढं मी तिथंच शाळेत लागले, तिथंच लग्न झालं, पुढं मुलगा झाला, आणि हुबळी सुट्टीपुरती उरली.

भाऊ मात्र हळूहळू पोरांचा झाला. मुलगी दहा-अकरा वर्षांची झाल्यावर त्याला पत्रं लिहू लागली, आणि त्या न बोलणाऱ्या माणसानं तिला पानंच्या पानं उत्तरं लिहिली. नदी, तंबू, बैल, खडी, कुठल्या गावात काय पिकतं, सगळं. मी सुट्टीत आले की ती पत्रं ती मला मोठ्यानं वाचून दाखवायची, मधेच थांबून स्वतःशी हसायची. लढाईच्या दिवसांत तो कायमचा हुबळीला आला आणि खालाच्या घरात दोन वर्षं राहून तिथंच गेला. शेवटच्या आजारात त्याच्या उशाशी मुलगीच होती.

लढाई संपायच्या सुमाराला मुलाला बिजापूरला नोकरी लागली, बापाच्याच खात्यात. मुलीचं लग्न होऊन गेलं होतं, दादी कधीच गेली होती. मुलानं खालाला म्हटलं, आता तू माझ्याकडं चल. आईनं मला नंतर सांगितलं, खाला पुन्हा सात सकाळी चटई टाकून बसली. चुरमुरेवालीनं पुन्हा दारातून विचारलं. सल्ला घ्यायला ती आमच्याकडंही आली. तेव्हा आईनं तिला जा म्हटलं. आणि या वेळी ती गेली. मला कळवायला वेळ झाला नाही. सुट्टीत मी हुबळीला आले तेव्हा शेजारच्या घरात एक भांडी विकणारं कुटुंब राहायला आलेलं होतं, आणि विहिरीवर त्यांची सून पाणी ओढत होती. मी तिला सांगितलं की इथं पूर्वी कुणी राहत होतं. ती म्हणाली, होय की, लोक सांगतात.

दोन महिन्यांनी धारवाडच्या पत्त्यावर एक कार्ड आलं. भाच्याकडून मराठीत लिहवून घेतलेलं, शब्द मात्र तिचेच. तब्येत बरी आहे. घर मोठं आहे, खिडकी पूर्वेला आहे, मशीन लावायला चांगली. इथलं पाणी जड आहे, डाळ शिजता शिजत नाही, अक्काला विचारून काही उपाय असेल तर कळव. वर्गाला सध्या चार मुली येतात. त्यातली एक डावखुरी आहे, तिला तुरपाई कशी शिकवावी ते मलाच नवीन शिकावं लागतंय. तुझ्या मुलाचा दात आला का?

दात आला होता. डाळीचा उपाय आईला माहीत होता. भिजत घालताना चिमूटभर सोडा टाकायचा. मी त्याच संध्याकाळी तिला तसं लिहून पाठवलं.